अंगणातील दिवे आणि बारा व्होल्टांचा हिशेब

दापोली तालुक्यातील आमच्या घराच्या पडवीपासून विहिरीपर्यंतचे अंतर ३० मीटरांचे आहे. माझ्या लहानपणी हे अंतर हाती कंदील घेऊन चालत, आणि कंदिलाचा मोठा गुण असा की तो चालणाऱ्याबरोबर चालतो, त्यामुळे वाटेत वेटोळे घालून पडलेले फुरसे असो की शेवाळाने निसरडी झालेली जांभ्याची पायरी असो, उजेड नेमका जेथे पाऊल टाकावयाचे तेथेच पडे. पुढे वीज आली, पडवीच्या वाशाला एक झगझगीत दिवा टांगला गेला, आणि घरातून विहिरीकडे निघालेल्या माणसाची स्वतःचीच सावली त्याच्या पुढ्यात लांबच लांब पडून, जी पायरी पाहावयाची तीच तेवढी अंधारात राहू लागली. वाटेच्या कडेकडेने, घोट्याच्या उंचीवर, थोडथोडक्या अंतराने लहान दिवे बसवावेत हा विचार सुचावयास आम्हांला पुष्कळ वर्षे लागली. तो अंमलात आणताना ज्या चुका झाल्या त्यांतून जे शिकलो ते, अशाच बेतात असलेल्या वाचकांच्या उपयोगी पडावे म्हणून, येथे लिहीत आहे.

बागेत वा अंगणात दिवे लावावयाचे म्हणजे मातीखालून, पाण्याजवळून, फावड्या-कुदळींच्या आणि मुलाबाळांच्या संचारातून वीज न्यावयाची, आणि म्हणूनच घरातील २३० व्होल्टांची वीज तेथे सरसकट खेळविण्याऐवजी १२ किंवा २४ व्होल्टांची, म्हणजे अल्प दाबाची, वीज नेणे शहाणपणाचे ठरते. यामागील कारण साध्या त्रैराशिकाने समजण्याजोगे आहे. ओल्या त्वचेच्या मनुष्यदेहाचा रोध सुमारे हजार ओहमांपर्यंत उतरतो असे धरले, तर २३० व्होल्टांच्या तारेशी संबंध आल्यास देहातून जवळजवळ २३० मिलिअँपिअर प्रवाह वाहील. आणि घरातील गळती-रक्षक, ज्याला वायरमन मंडळी आरसीसीबी म्हणतात, तो ३० मिलिअँपिअरवरच तुटावा असा ठेवलेला असतो, यावरून तो आकडा किती घातक आहे हे ध्यानी येईल. तीच तार १२ व्होल्टांची असेल तर प्रवाह १२ मिलिअँपिअरच्या आसपास राहतो, जो क्लेशदायक झाला तरी सहसा जीवघेणा होत नाही. हे गणित जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाचे आहे. विहीर, टाके किंवा कारंजे यांच्या पाण्यात दिवा सोडण्याचे नियम निराळे व अधिक कडक असल्यामुळे तो विषय मी या लेखाच्या कक्षेबाहेर ठेवतो.

तथापि अल्प दाबाच्या या दिव्यांचे मूळ शेवटी २३० व्होल्टांतच असते, ही गोष्ट उत्साहाच्या भरात विसरली जाते. जेथे दाब उतरविणारे यंत्र जोडावयाचे त्या बिंदूपर्यंतचे सारे काम परवानाधारक वायरमनकडून करवून घ्यावे. त्या बिंदूसाठी मुख्य फळीवरून स्वतंत्र एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि खरे अर्थिंग, एवढ्या तिन्ही गोष्टींची तजवीज झाल्याखेरीज पुढे पाऊल टाकू नये. येथे एक बारकावा सांगितला पाहिजे, कारण तो जाणत्या माणसांच्याही नजरेतून सुटतो. दाब उतरविणारे यंत्र योग्य जातीचे असेल तर त्याच्या अलीकडची व पलीकडची वीज एकमेकींपासून पूर्णपणे विलग असते, आणि म्हणून पलीकडे, म्हणजे बागेत, काही दोष उद्भवला तर अलीकडच्या आरसीसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. बागेतील तारांचे रक्षण बागेच्या बाजूलाच करावे लागते, आणि त्यासाठी यंत्रातून निघणाऱ्या प्रत्येक शाखेवर बेताचा फ्यूज बसवावा. आमच्याकडे तो ५ अँपिअरचा आहे. दाब अल्प असला तरी तारा एकमेकींस भिडल्यावर प्रवाह मोठा होतो, आणि मोठ्या प्रवाहाने तापलेली तार वाळल्या पाचोळ्याला आग लावावयास पुरेशी असते. सौर पट्ट्या आणि बॅटरी यांवर दिवे चालविणाऱ्यांनी तर हा फ्यूज बॅटरीच्या टोकाशी अगदी लागून बसवावा. बॅटरी हा जिन्नस प्रवाह देताना हात आखडत नाही.

यंत्र निवडताना दुकानात तीन नावे कानी पडतील: ट्रान्सफॉर्मर, एसएमपीएस आणि ड्रायव्हर. नावाला फार महत्त्व न देता त्यावरील पट्टीचा मजकूर वाचावा. आपल्याला पाहिजे ते स्थिर दाबाचे यंत्र, म्हणजे ज्याच्या पट्टीवर १२ व्होल्ट किंवा २४ व्होल्ट असा एकच आकडा आहे ते. २४ ते ४२ व्होल्ट, ३०० मिलिअँपिअर अशा धर्तीचा मजकूर असेल तर ते स्थिर प्रवाहाचे, छतातील एखाद्या ठरावीक दिव्यासाठी केलेले यंत्र होय, आणि ते आपल्या कामाचे नाही. दुसरी परीक्षा विलगतेची. काही अतिस्वस्त यंत्रांत दाब कमी केलेला असतो खरा, पण पलीकडची तार अलीकडच्या फेजपासून तोडलेली नसते. असे यंत्र १२ व्होल्टांचे नाव लावून २३० व्होल्टांचे भय बागेत नेऊन ठेवते. भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी-खूण, उत्पादकाचे नाव आणि विलगतेचा स्पष्ट उल्लेख यांपैकी काही नसेल तर वाचलेल्या शे-दोनशे रुपयांचा मोह धरू नये. तिसरी गोष्ट क्षमतेची: दिव्यांची वॅट-बेरीज यंत्राच्या क्षमतेच्या ऐंशी टक्क्यांच्या आत असावी. आमचे दिवे ५ वॅटचे आठ, म्हणजे एकूण ४० वॅटचे. त्यांना ६० वॅटचे यंत्र लावले आहे, आणि ते पडवीत, छपराच्या आत, हवा खेळेल अशा पेटीत ठेवले आहे. पाण्यापासून बचाव होतो म्हणून यंत्र झाडाखाली ठेवण्याची हौस पुष्कळांना असते. पण छप्पर असताना यंत्राला पावसात उभे करण्याचे प्रयोजन मला तरी समजलेले नाही.

आता मुख्य हिशेबाकडे वळू. अल्प दाबाची वीज मनुष्याशी सौम्यपणे वागते, पण अंतराशी तिचा व्यवहार मोठा कठोर असतो. १०० वॅटच्या भाराला २३० व्होल्टांवर अर्ध्या अँपिअरहूनही कमी प्रवाह पुरतो. तोच भार १२ व्होल्टांवर चालवावयाचा तर ८.३ अँपिअर लागतात. प्रवाह वाढला की तारेच्या रोधात वाटेतच खर्ची पडणारा दाबही वाढतो, आणि जेथे मुळात भांडवलच १२ व्होल्टांचे, तेथे दोन व्होल्टांची खोट ही दिवाळखोरीची सुरुवात असते. आमचाच दाखला घ्या. ४० वॅट म्हणजे १२ व्होल्टांवर ३.३ अँपिअर. अंतर ३० मीटर, पण वीज जाते तशी परतही येते, म्हणून तारेची लांबी धरावयाची ती ६० मीटर. दुकानात जिला 'दीडची वायर' म्हणतात, म्हणजे जिच्या तांब्याचा छेद १.५ चौरस मिलिमीटर आहे, तिचा रोध मीटरमागे सुमारे १२ मिलिओहम असतो. ६० मीटरांचा ०.७२ ओहम झाला, त्यास ३.३ ने गुणिले की २.४ व्होल्ट वाटेत गळाले. विहिरीपाशी उरले साडेनऊच्या आसपास. 'अडीचची' घेतली तर रोध मीटरमागे सुमारे ७.५ मिलिओहम आणि खोट १.५ व्होल्टांची, 'चारची' घेतली तर रोध ४.७ आणि खोट एका व्होल्टाच्या किंचित आत. हे आकडे सारे दिवे दूरच्या टोकाला आहेत असे मानून काढलेले आहेत. वाटेवर वाटून लावलेल्या दिव्यांना प्रत्यक्षात थोडी कमी खोट सोसावी लागते, पण हिशेब नेहमी वाईटात वाईट स्थितीचाच मांडावा.

ही खोट पाच टक्क्यांच्या आत राहावी, आणि अगदीच निरुपाय झाल्यास दहा टक्क्यांपर्यंत जावी, असे धोरण ठेवले तर १२ व्होल्टांवर आमची चारची तारही जेमतेमच उत्तीर्ण होते, हे वरील आकड्यांवरून दिसेल. मग उपाय काय? जाड तांब्यावर पैसा ओतणे हा एक. परंतु त्याहून सुज्ञ उपाय म्हणजे २४ व्होल्टांचे यंत्र व तितक्याच दाबाचे दिवे घेणे. दाब दुप्पट केला की त्याच वॅटसाठी प्रवाह निम्मा होतो, म्हणून खोट निम्मी होते, आणि ती निम्मी खोट दुप्पट भांडवलाशी ताडून पाहिली तर प्रमाण एकदम चौथ्या हिश्श्यावर येते. अडीचच्या तारेवर १२ व्होल्टांत जी साडेबारा टक्के होती ती २४ व्होल्टांत तीन टक्क्यांवर उतरते. अंतर पंधरा मीटरांच्या आत असेल तर १२ व्होल्ट सुखाने वापरावेत. त्यापुढे मात्र मी कोणालाही २४ चाच सल्ला देईन. ज्यांनी १२ व्होल्टांचे दिवे आधीच आणून ठेवले आहेत त्यांनी यंत्रापासून तारेची एक जाड मुख्य जोडी दिव्यांच्या रांगेच्या मध्यापर्यंत न्यावी आणि तेथून दोन्ही बाजूंस शाखा काढाव्यात; असे केल्याने पहिला दिवा लख्ख आणि शेवटचा पेंगुळलेला हा विषमभाव बराच कमी होतो. दिवे नेहमी समांतर जोडावेत, म्हणजे प्रत्येकाची लाल तार मुख्य लाल तारेला आणि काळी काळीला. उलट जोडलेला एलईडी दिवा सहसा जळत नाही, नुसता मुका राहतो, आणि मग दिवाच सदोष म्हणून दुकानदाराशी हुज्जत घालण्याची पाळी येते.

एवढा हिशेब करूनही पहिल्या वर्षी आमचे दिवे मृगाचा पाऊस सुरू झाल्यावर तीन आठवड्यांत एकेक करून मालवले. अपराध सर्वस्वी माझा होता. तारांचे सांधे मी स्वतः पिळून, वर काळी टेप गुंडाळून, मातीत पुरले होते, आणि घरातील स्विचच्या मागे जी टेप वीस वर्षे टिकते ती कोकणातल्या मातीतही टिकेल अशी माझी भाबडी समजूत होती. जेथे वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो तेथे पुरलेला सांधा चार महिने ओल्यात नांदतो, असेच धरून चालावे. श्रावणात खणून पाहिले तर टेपचा डिंक सुटलेला, आत हिरवी बुरशी धरावी तसे तांबे खाल्लेले, आणि सांध्यापासून वीतभर आतपर्यंत तार काळी पडलेली. तार बारीक तंतूंची असली की त्या तंतूंमधील फटींतून पाणी केशाकर्षणाने आत आत सरकत जाते, आणि एकदिश प्रवाह असल्यामुळे ओलाव्यात धन बाजूचे तांबे विद्युद्विघटनाने अक्षरशः विरघळू लागते. लाल तारा खाल्लेल्या आणि काळ्या बऱ्याच शाबूत, हे कोडे मला तेव्हा उलगडले नव्हते. त्याचे कारण हे.

म्हणून सांध्यांविषयी आता माझे नियम ठरलेले आहेत. पहिला असा की सांधा शक्यतो करूच नये. मुख्य तार अखंड ठेवून, जेथे दिवा तेथेच काय ती जोडणी. दुसरा, जोडणी जमिनीत न करता दिव्याच्या खुंटात किंवा गडग्याला ठोकलेल्या लहान पेटीत, जमिनीपासून हातभर वर करावी. पेटीवर आयपी ६५ चा शिक्का असावा. त्यातला पहिला अंक धुळीपासूनचे आणि दुसरा पाण्यापासूनचे संरक्षण दर्शवितो, आणि ५ म्हणजे पाण्याचा फवारा सोसण्याची ताकद. जेथे पाणी साचून दिवाच काही वेळ बुडण्याचा संभव आहे तेथे ६७ पाहिजे, कारण ७ या अंकाचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरणे असा आहे. चार महिने नव्हे, हेही लक्षात असू द्यावे. तार पेटीत नेहमी खालून शिरवावी, ग्लँड घट्ट आवळावा, आणि शिरण्यापूर्वी तारेला खाली झोळ द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जाते. आणि जमिनीतला सांधा टळतच नसेल, तर तारा डाग देऊन पक्क्या कराव्यात, आत गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवून तापवावी, किंवा जेल भरलेले कनेक्टर वापरावेत.

चर खणण्याचे काम वैशाखातच उरकावे. पहिल्या वळवाच्या सरीनंतर जमीन मऊ होते खरी, पण चर पाण्याने भरतो. बागेत कुदळ जितकी खोल जाते त्याहून खोल, म्हणजे सुमारे ४५ सेंटिमीटर चर घ्यावा, तळाशी बोटभर वाळू, त्यावर जाड पाइपमधून तार, पुन्हा वाळू, आणि वर जुन्या कौलांची किंवा विटांची एक ओळ. पुढे कधी कोणी खणू लागला तर कौल वाजेल आणि त्याचा हात थांबेल. पाइप हवा तो मुख्यतः घुशीसाठी. घूस तारेचे प्लास्टिक कशाच्या लोभाने कुरतडते हे तिलाच ठाऊक, पण उघडी पुरलेली तार तिच्या दातांतून क्वचितच सुटते. पाइपमध्ये पाणी शिरणार नाही अशा भ्रमात राहू नये. दमट हवेचे आत दव होतेच, म्हणून उताराच्या बाजूचे टोक पाणी निथळेल असे ठेवावे. २३० व्होल्टांची तार आणि ही तार एकाच पाइपातून कधीही नेऊ नये. आमच्याकडे निम्म्या वाटेवर हातभर खाली जांभा लागतो आणि तेथे पहारही परतते. त्या भागात गडग्याच्या पायथ्याशी पाइप क्लँपने आवळून उघडाच नेला, आणि खरे सांगावयाचे तर दुरुस्तीच्या दृष्टीने तोच भाग सर्वांत सोयीचा ठरला.

चर बुजविण्याची घाई करू नये. सारी जोडणी जमिनीवरच मांडून, रात्री दिवे लावून, शेवटच्या दिव्यापाशी मल्टिमीटरने दाब मोजावा आणि तो कागदावरील हिशेबाशी ताडून पाहावा. हिशेबाहून बराच कमी भरला तर कोठेतरी सांधा ढिला आहे असे समजावे. खिशातल्या टेस्टरवर येथे विसंबू नये. त्यातील निऑनच्या दिव्याला पेटावयास १२ किंवा २४ व्होल्ट पुरतच नाहीत, त्यामुळे तार जिवंत असली तरी तो अंधारच दाखवितो. उलट बागेतल्या तारेवर तो पेटलाच, तर यंत्राची विलगता संपुष्टात आली आहे असे समजून मुख्य एमसीबी तत्काळ खाली करावा.

दिवे कोठे लावावेत हा प्रश्न ज्याच्या त्याच्या रुचीचा आहे, म्हणून त्यावर थोडकेच लिहितो. दिवा दिसू नये, त्याने उजळलेली वस्तू दिसावी. पायऱ्यांना बाजूने व खालून उजेड द्यावा, म्हणजे प्रत्येक पायरीची कड उठून दिसते. माडाच्या बुंध्याला खालून, खोडाला घासून जाणारा एकच मंद झोत पुरे. पण त्यासाठी खोडात खिळा ठोकू नये, दिवा खुंटावर जमिनीत रोवावा. वृंदावनापाशी आम्ही विजेचा दिवा लावलाच नाही. तेथे सांजवातीचे निरांजन असते आणि त्याच्याशी स्पर्धा करण्याचे काही कारण नव्हते. प्रकाशाचा वर्ण पिवळसर, २,७०० ते ३,००० केल्विनचा, असावा. निळसर पांढऱ्या दिव्यांभोवती पावसाळ्यात जेवढे किडे जमतात तेवढे त्याभोवती जमत नाहीत.

आणि दिवे विझविण्याचीही व्यवस्था असावी. संधिप्रकाश ओळखून आपोआप लागणारा सेन्सर सोयीचा खरा, पण त्याच्या जोडीला टायमर हवाच, नाहीतर दिवे निष्कारण पहाटेपर्यंत जळतात. मे महिन्याच्या मध्यापासून पाऊस स्थिरावेपर्यंत सह्याद्रीच्या झाडोऱ्यात, भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या परिसरात, काजव्यांचे थवेच्या थवे लुकलुकतात. ती लुकलुक नरमादीच्या परस्पर संकेतांची भाषा असते, आणि माणसाच्या दिव्यांच्या उजेडात ते संकेत पुसले जातात. अशा गावी राहणाऱ्यांनी त्या महिन्याभरात बागेतील दिवे बंदच ठेवावेत. समुद्रकाठच्यांवर तर याहून मोठी जबाबदारी आहे. वेळास, आंजर्ले किंवा गोव्यातील मोरजी, आगोंद या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालतात, आणि रात्री वाळूतून वर आलेली पिल्ले उजळ क्षितिजाच्या रोखाने, म्हणजे निसर्गक्रमाने समुद्राकडे, धाव घेतात. किनाऱ्यालगतच्या बागेतला झोत त्यांना उलट्या दिशेला ओढून नेतो. तेथे समुद्राच्या बाजूने दिव्यांना आडोसा करावा, आणि पिल्ले निघण्याच्या दिवसांत तेही मालवावेत. आमच्या घरी दिवे सातला लागतात आणि दहाला जातात. ४० वॅट तीन तास, म्हणजे महिन्याला साडेतीन-पावणेचार युनिटे.

पावसाळा सरल्यावर, कोजागिरीच्या सुमारास, वर्षातून एकदा प्रत्येक पेटी उघडून पाहावी, काचेवरचे शेवाळ ओल्या फडक्याने पुसावे, मुंग्यांनी आत घर केले असेल तर ते काढावे, आणि शेवटच्या दिव्यापाशी दाब पुन्हा मोजून तारीख घालून लिहून ठेवावा. चर बुजविण्यापूर्वी घराचा कोपरा, विहिरीचा कठडा, गडग्याचे वळण अशा न हलणाऱ्या खुणांपासून मोजमापे घेऊन तारेच्या मार्गाचा नकाशा काढलेला असेलच. तो नकाशा आणि हे आकडे एकाच कागदावर उतरवून तो कागद यंत्राच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवावा. आमचा पहिला नकाशा मी कपाटात जपून ठेवला होता, आणि केळी लावणाऱ्या गड्याला तो दाखवावयाचे राहून गेले.